डोळ्याचे माप घेणारी सिस्टर टिकली पाहिजे

नंदुरबार जिल्ह्यात नेत्रशिबिरांना तोटा नाही. थंडीचे दिवस आले की नंदुरबार, शहादा, नवापूर, तळोद्याच्या चौकाचौकांत ‘मोफत मोतीबिंदू तपासणी व शस्त्रक्रिया शिबिर’ असे फलक लागतात. मंडप पडतो, चहा-बिस्किटे होतात, पाहुण्यांना हार घातले जातात आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आकडा छापून येतो : इतक्या रुग्णांची तपासणी, इतक्यांची शस्त्रक्रियेसाठी निवड. या खर्चात आपल्या व्यापारी बांधवांचा वाटा मोठा असतो. कोणी गाडी देतो, कोणी जेवण, कोणी काळ्या चष्म्यांचा खर्च उचलतो. त्यांच्या नियतीबद्दल आम्हांस तिळमात्र शंका नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे आणि तो व्यापारी माणसालाच विचारण्यासारखा आहे. मोतीबिंदू काढून डोळ्यात जे भिंग बसवले, त्याचे माप कोणी घेतले? आणि ज्या सिस्टरने ते घेतले, ती पुढच्या वर्षी त्याच खुर्चीवर असणार आहे काय?

आपण सारी तोलामापाची माणसे. किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा दरवर्षी वैधमापन शास्त्र विभागाकडून तपासून त्यावर शिक्का घ्यावा लागतो. न घेतला तर दंड बसतो. कापडवाल्याच्या मीटरपट्टीलाही शिक्का लागतो. मिरचीच्या मोसमात नंदुरबारच्या बाजार समितीत काट्यावर थोडी जरी खोट निघाली तरी शेतकरी आणि व्यापारी हमरीतुमरीवर येतात. माणसाच्या डोळ्याची लांबी मात्र मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत मोजायची असते; आणि ते मोजणारे यंत्र शेवटचे कधी तपासले, मोजणारीचा हात किती बसलेला आहे, हे विचारण्याची चाल आपल्याकडे अद्याप पडलेली नाही.

जाड चष्म्याचे दिवस गेले

आमच्या वडीलधाऱ्यांच्या काळी ही अडचण नव्हती. त्या काळी मोतीबिंदू काढला की डोळ्यात काही बसवत नसत. रुग्णाला दहा नंबरच्या आसपासचा, बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा देऊन घरी पाठवत. जवळजवळ सर्वांना एकच माप! पायरी उतरताना माणूस धडपडे, कडेचे काही दिसत नसे, पण आंधळेपणातून सुटका झाली म्हणून तो दुवा देई. शाळेच्या वर्गात, धर्मशाळेत शेकडो शस्त्रक्रिया करून चमू पुढच्या गावी निघून जाई. माप घेणारे कायमचे माणूस गावात असण्याची त्या पद्धतीत गरजच नव्हती.

डोळ्याच्या आत कृत्रिम भिंग बसवण्याची सुरुवात हॅरॉल्ड रिडली या इंग्रज सर्जनने लंडनमध्ये २९ नोव्हेंबर १९४९ रोजी केली. आपल्याकडे गोरगरिबांपर्यंत ती पोचायला चार दशके लागली. १९९२ साली मदुराईच्या ऑरोलॅबने भिंगे देशातच बनवायला सुरुवात केली आणि परदेशी भिंगाच्या किमतीच्या लहानशा अंशात ती मिळू लागली. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या मदतीने मोतीबिंदूचा जो मोठा प्रकल्प सात राज्यांत चालला, त्यात महाराष्ट्र होता. नंदुरबार त्या वेळी धुळे जिल्ह्यातच होते. १ जुलै १९९८ रोजी ते वेगळे झाले. त्या प्रकल्पाने दोन गोष्टी बदलल्या : शस्त्रक्रिया मंडपातून रुग्णालयात आली आणि जाड चष्म्याच्या जागी आतले भिंग आले.

भिंग आत गेले तसे मापही आले. चष्मा चुकला तर बदलता येतो; डोळ्यात बसलेले भिंग बदलणे म्हणजे पुन्हा शस्त्रक्रिया. अडचण इतकीच झाली की शिबिरांचा हिशोब मात्र जुन्याच पद्धतीने चालू राहिला. किती डोळे केले, एवढेच मोजायचे. किती डोळ्यांना नीट दिसले, ते कोणी विचारायचे नाही.

हिशोब फार अवघड नाही, म्हणून वाचकांपुढे मांडतो. भिंगाचा नंबर काढण्याचे एक जुने सूत्र १९८० च्या सुमारास तीन अमेरिकी डॉक्टरांनी तयार केले. भिंगाच्या जातीचा एक ठरलेला आकडा घ्यायचा, समजा ११८.४. त्यातून डोळ्याच्या लांबीची अडीचपट वजा करायची आणि बुबुळावरील पारदर्शक पडद्याच्या वक्रतेचा नव्वद टक्के भाग वजा करायचा. लांबी २३.५ मिलिमीटर आणि वक्रता ४४ असेल, तर ११८.४ मधून ५८.७५ आणि ३९.६ गेले, राहिले २०.०५. म्हणजे वीस नंबरचे भिंग. आता मोजणारीकडून लांबी एका मिलिमीटरने कमी वाचली गेली, २३.५ च्या जागी २२.५, तर उत्तर साडेबावीसवर जाते. चूक एका मिलिमीटरची, भिंगात फरक अडीच नंबरांचा. हल्ली यापेक्षा सुधारित सूत्रे यंत्रातच भरलेली असतात, पण आत घातलेला आकडाच खोटा असेल तर सूत्र काय करणार? वही कितीही सुबक लिहिली तरी काटा खोटा तर हिशोब खोटा.

हात हलका हवा

डोळ्याची लांबी मोजण्याचे नेहमीचे साधन म्हणजे ए-स्कॅन. पेनासारखी एक सळई बुबुळासमोर टेकवतात, ध्वनिलहरी आत जाऊन मागच्या पडद्यावरून परत येतात आणि यंत्र लांबी सांगते. सळई टेकवताना हाताचा किंचित दाब पडला की डोळा पुढून दबतो आणि लांबी कमी भरते. कमी लांबी म्हणजे जास्त ताकदीचे भिंग, आणि जास्त ताकदीचे भिंग म्हणजे शस्त्रक्रियेनंतर माणसाला दूरचे धूसर. हा दाब डोळ्याला दिसत नाही, तो बोटांना कळतो. आणि बोटांना तो शेकडो डोळे मोजल्यावरच कळतो. चांगली सिस्टर एका डोळ्याची अनेक मापे घेते, त्यांतली फटकून असलेली टाकते, दुसराही डोळा मोजते, आणि दोन डोळ्यांत जास्त फरक दिसला की रुग्णाला बसवून पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. नवखी सिस्टर, बाहेर सत्तर माणसांची रांग असताना, पहिला आकडा लिहून मोकळी होते. तिला दोष देण्यात अर्थ नाही.

कोणी म्हणेल, आता प्रकाशाने मोजणारी यंत्रे आली आहेत, ती डोळ्याला स्पर्शच करीत नाहीत. मग हाताचा प्रश्न कोठे उरला? यंत्र आले हे खरे. १९९९ पासून ते बाजारात आहे. परंतु मोतीबिंदू फार पिकून घट्ट झाला असेल तर अशा पुष्कळ यंत्रांचा प्रकाश त्यातून आरपार जात नाही. सातपुड्याच्या पाड्यांतून जो रुग्ण येतो, तो काठी टेकत, नातवाचा हात धरून, अगदी शेवटच्या अवस्थेत येतो. नेमक्या त्याच डोळ्यासाठी पुन्हा सळईच हातात घ्यावी लागते. म्हणजे जेथे गरिबी जास्त, तेथेच हाताचे कसब जास्त लागते!

यंत्रालाही वेळच्या वेळी पारखावे लागते. वक्रता मोजणाऱ्या यंत्राबरोबर ठरलेल्या मापाचे पोलादी गोळे असतात, त्यावर ते तपासायचे. डोळ्याचा दाब पाहणारे जुने शिऑट्झ उपकरण, ज्याने काचबिंदूचा संशय येतो, त्याच्या पेटीत एक छोटी ठोकळी असते. तिच्यावर ठेवले की काटा शून्यावर आला पाहिजे. सोनार कामाला बसण्यापूर्वी ताजवा पाहतो, तसेच हे. पण ही ठोकळी कशासाठी आहे हे आधीच्या सिस्टरने पुढच्या सिस्टरला सांगितले तरच तिला कळणार. आधीची अचानक निघून गेली असेल तर कोण सांगणार?

आणि सर्वांत साधे माप, भिंतीवरचा तक्ता. सहा मीटरवर बसवून अक्षरे वाचायला लावायची. ज्याला अक्षर येत नाही त्याच्यासाठी ‘ई’ चा तक्ता. तोंड कोणीकडे आहे ते बोटाने दाखवायचे. यात काय अवघड, असे वाटेल. पण धडगावकडची म्हातारी पावरी बोलते, अक्कलकुव्याकडची भिली, नवापूरकडची मावची, शहाद्याच्या बाजारात अहिराणी. सिस्टर पुस्तकी मराठीत भराभर विचारते आणि म्हातारी अदबीने मान हलवते. तिला दिसले म्हणून नव्हे, सिस्टरचा मान राखायचा म्हणून! कागदावर मात्र ‘दिसते’ असे लिहिले जाते. वास्तविक या जिल्ह्याचा आणि डोळ्यांच्या नोंदीचा जुना संबंध आहे. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातील टेंभली गावात दिला गेला. गरिबाची बुबुळे सरकारदरबारी टिपून घेण्याचा आरंभ आपल्याकडून झाला. त्या बुबुळांमागे नजर किती उरली आहे, याची नोंद ठेवण्यात मात्र आपण मागे राहिलो.

“चाचा, धंदा काय करता?”

आमच्या कारागीर वाचकांनी हा भाग विशेष लक्षपूर्वक वाचावा. डोळ्याचे माप म्हणजे केवळ यंत्राचा आकडा नव्हे. ट्रक चालवणाऱ्याला दूरचे स्वच्छ दिसले पाहिजे. शिलाई मास्तरची सुई डोळ्यापासून चाळीस सेंटिमीटरवर असते, घड्याळ दुरुस्त करणाऱ्याचे चक्र पंचवीस सेंटिमीटरवर, सुताराचा रंधा साठ सेंटिमीटरवर. ज्याचे दूरचे स्पष्ट आहे अशा साठीच्या माणसाला चाळीस सेंटिमीटरवर पाहण्यासाठी अडीचचा चष्मा लागतो, साठ सेंटिमीटरसाठी पावणेदोनच्या आतबाहेर, आणि पंचवीससाठी चारचा. सुताराला मास्तरचा चष्मा दिला तर तो लाकडावर ओणवा होऊन मान मोडून घेईल.

आमच्या ओळखीच्या एका खलिफांनी उभी हयात शेरवानीच्या काजांवर घातली. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, शिबिरातून नेहमीचा चष्मा मिळाला, दूरचे उत्तम दिसू लागले, आणि काज मात्र करता येईना. वर्षभर ते समजत होते की शस्त्रक्रियाच बिघडली. पुढे एका अनुभवी सिस्टरने त्यांना खुर्चीवर बसवून एवढेच विचारले, “चाचा, धंदा काय करता? सुई कुठे धरता, दाखवा बरं.” सुतळीने अंतर मोजले, नंबर बदलला, खलिफा पुन्हा गादीवर बसले. बरेच सर्जन तर जवळचे काम करणाऱ्या रुग्णाशी आधीच बोलून भिंगाचा नंबर थोडा जवळच्या नजरेकडे ठेवतात. पण त्यासाठी धंद्याची गोष्ट शस्त्रक्रियेपूर्वी कोणीतरी विचारून केसपेपरवर लिहिलेली असली पाहिजे. ते काम सिस्टरचे.

हा केवळ सोयीचा मामला नाही, रोजीचा आहे. आसामच्या चहामळ्यांत चाळीशीपुढील मजुरांना जवळचा चष्मा देऊन एक चाचणी झाली होती; २०१८ साली तिचा निकाल प्रसिद्ध झाला. चष्मा मिळालेल्यांची पाने खुडण्याची क्षमता न मिळालेल्यांपेक्षा सुमारे बावीस टक्क्यांनी अधिक वाढली. २०२४ साली बांगलादेशातील चाचणीत ग्रामीण कष्टकऱ्यांचे मासिक उत्पन्न जवळच्या चष्म्याने सुमारे एकतृतीयांशाने वाढल्याचे दिसले. व्यापारातला कोणता माल इतक्या थोड्या भांडवलावर इतका नफा देतो?

सिस्टर का जाते?

आता मूळ दुखण्याकडे वळू. हात बसलेली सिस्टर नंदुरबारमध्ये का टिकत नाही? लोक चटकन म्हणतात, पगारासाठी सुरतेला जाते. पगार हे कारण आहेच. ताप्ती लाइनची गाडी धरली की सुरत काही तासांवर, आणि तेथील खाजगी रुग्णालयांना तयार माणूस हवाच असतो. पण आम्ही जेथे जेथे चौकशी केली तेथे पगाराच्या आधी दुसऱ्याच गोष्टी निघाल्या. राहायला धड खोली नाही. एकट्या मुलीला घर भाड्याने देताना घरमालक शंभर प्रश्न विचारतो, मुसलमान मुलगी असेल तर दीडशे. रात्रपाळी संपवून परतताना सोबत नाही. लहान मूल असेल तर ते ठेवायला जागा नाही. करार अकरा महिन्यांचा, आणि त्याच्या नूतनीकरणाची टांगती तलवार. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचे कंत्राटी कर्मचारी २०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सेवेत कायम करण्याच्या मागणीसाठी राज्यभर संपावर गेले होते. ते हौसेने गेले नव्हते.

आणखी एक कारण आहे, जे बाहेरच्याला दिसत नाही. मोठ्या रुग्णालयांत सिस्टरची वॉर्डावॉर्डांतून बदली होत असते. दोन वर्षे डोळ्यांच्या विभागात राहून जिचा हात बसला, तिला एके सकाळी बाळंतपणाच्या विभागात पाठवतात आणि तिच्या जागी जी येते तिने ए-स्कॅनची सळई कधी धरलेली नसते. हजेरीपटावर जागा भरलेली. खुर्चीवर मात्र कसब रिकामे. सिस्टर जिल्हा सोडून गेली नाही तरी डोळ्यांपुरती ती गेलीच.

जरीकाम, शिलाई, बेकरी, गॅरेज, कोणताही धंदा घ्या. शागीर्दाला हातात सुई किंवा पाना देऊन उस्ताद किती वर्षे झिजतो हे आपण जाणतो. बसलेला कारागीर गेला तर नुसता एक माणूस जात नाही. त्याने ज्यांना शिकवले असते ते दोन-तीन शागीर्दही गेल्यासारखेच. म्हणून शहाणा कारखानदार बसलेल्या कारागिराच्या मुलीच्या लग्नाला जातो, आजारपणात उभा राहतो, ईदला जोडा देतो. रुग्णालय चालवणारेही पुष्कळदा व्यापारीच असतात, मग तेथे हीच अक्कल कोठे जाते, हे आम्हांस कोडे आहे.

काही संस्था उलटी वाट धरतात. नेमणुकीच्या वेळी मूळ प्रमाणपत्रे ठेवून घ्यायची, बाँड लिहून घ्यायचा, मध्येच गेल्यास पैसे भरा म्हणायचे. यंत्रमागावर पेशगी देऊन मजूर अडकवण्याची जी रीत होती तिचीच ही बहीण. आमचे यावर स्पष्ट मत आहे. कागद अडकवून ठेवलेली सिस्टर खुर्चीवर बसेल, पण मन दारात असेल. आणि डोळ्याचे माप हे मन लावून घ्यायचे काम आहे.

मदुराईने काय केले

डॉ. जी. वेंकटस्वामी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर १९७६ साली मदुराईत अकरा खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय सुरू झाले. आज ते जगातील सर्वांत मोठ्या नेत्रसेवांपैकी एक आहे. त्यांच्या सर्जनांची वाखाणणी सर्वत्र होते. एकेक सर्जन वर्षाला दोन हजारांच्या आसपास शस्त्रक्रिया करतो असे सांगतात. पण हे त्याला जमते कशामुळे? त्याच्या बाजूच्या दुसऱ्या टेबलावर पुढचा रुग्ण सिस्टरने तयार ठेवलेला असतो, त्याची मापे आदल्या दिवशी चोख घेतलेली असतात, भिंग निवडून ठेवलेले असते. सर्जनने फक्त वळायचे.

ह्या सिस्टर म्हणजे शहरातून आणलेल्या पदवीधर नर्स नव्हेत. खेड्यातील बारावी झालेल्या मुली निवडायच्या, दोन वर्षे विद्यावेतन देऊन राहण्याच्या सोयीसह शिकवायचे आणि मग एकेकीला एकेका कामात मुरू द्यायचे : कोणी चष्म्याचे नंबर काढण्यात, कोणी भिंगाच्या मापात, कोणी शस्त्रक्रियागृहात, कोणी रुग्णाची समजूत घालण्यात. वॉर्डावॉर्डांतून फिरवाफिरवी नाही. पुष्कळ मुली पुढे लग्न होऊन जातातच. संस्था त्याचा बाऊ करीत नाही. नव्या मुलींची तुकडी शिकून तयार होत असते, म्हणून जाणारी येणारीला शिकवून जाते. विहिरीतून पाणी काढले तरी झरा चालू आहे.

आपल्या जिल्ह्यात हे होणार नाही असे म्हणणाऱ्यांना आम्ही दोन गोष्टी आठवून देतो. २०२० च्या साथीत नर्मदाकाठच्या चिमलखेडीची अंगणवाडी सेविका स्वतः होडी वल्हवत पाड्यापाड्यांवर बाळांची वजने घ्यायला, आहार पोचवायला जात होती. बाहेरून आलेल्या किती जणी तसे करतील? ती तेथलीच होती, नदी तिच्या ओळखीची होती. आणि २०२१ मध्ये ऑक्सिजनसाठी देश तडफडत असताना नंदुरबारने आधीच प्लांट उभारून ठेवल्याचे देशभर नाव झाले. यंत्र वेळेवर आणण्याची अक्कल जिल्ह्यात आहे. माणूस टिकवण्याची ती दाखवायची राहिली आहे.

अक्कलकुव्याचे उदाहरण तर घरचेच. मदरशापासून सुरू झालेल्या जामिया इस्लामिया इशाअतुल उलूमने त्या आडवळणाच्या गावी औषधनिर्माणशास्त्राचे आणि युनानी वैद्यकाचे महाविद्यालय उभे केले, पुढे जालना जिल्ह्यात बदनापूरजवळ मेडिकल कॉलेजही काढले. एवढे ज्या मातीत झाले, तेथे डोळ्याचे माप घ्यायला शिकवणारा वर्ग रुजणार नाही असे आम्ही मानत नाही.

पैसा कोठे घालावा

म्हणून शिबिराला देणगी देणाऱ्या बांधवांना आमची सूचना आहे. यंदा एका शिबिराचा मंडप, हार आणि जेवण कमी करा. तो पैसा जिल्ह्यातल्या एखाद्या चांगल्या नेत्रकेंद्राच्या सिस्टरच्या खोलीसाठी द्या. दोन-तीन मुली मिळून राहू शकतील अशी, केंद्राजवळची, पाणी आणि कुलूप धड असलेली खोली. आपल्यापैकी कित्येकांच्या दुकानांवरचे माळे रिकामे पडून आहेत! शिवाय एक-दोन स्थानिक मुलींचे विद्यावेतन उचला. मुलगी आदिवासी असो, आपल्या मोहल्ल्यातील असो, की इतर कोणत्या समाजाची. तिला येथली बोली येत असावी आणि तिचे माहेर-सासर याच टापूत असण्याचा संभव असावा, एवढे पाहा. लग्नानंतर मुली जातात म्हणून मुलगेही घ्यावेत असे काही जण सुचवतात. आमचा विरोध नाही. फक्त बायका रुग्णांचा ओढा सिस्टरकडे असतो हे विसरू नये.

आपल्या समाजात बारावीनंतर मुलगी घरी बसवण्याचे प्रमाण अजून मोठे आहे. नर्सिंग म्हटले की वडील नाक मुरडतात : रात्रपाळी, परपुरुषांची सेवा, लोक काय म्हणतील. नेत्रकेंद्रातले मापाचे काम बहुतांशी दिवसाचे असते, बसून करायचे, कसबाचे, आणि मान मिळवून देणारे. ज्या घरात आजी जरीकाम करीत असे त्या घरातील मुलीचा हात या कामाला लवकर बसेल, असा आमचा तर्क आहे.

आणि देणगी देताना हिशोब मागा. किती शस्त्रक्रिया झाल्या हा विक्रीचा आकडा झाला. परत आलेला माल किती, तेही विचारा. जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिलेली कसोटी साधी आहे : शस्त्रक्रियेनंतर शंभरातील निदान ऐंशी डोळ्यांना, आहे त्या चष्म्यासह किंवा चष्म्याविना, तक्त्यावर ६/१८ किंवा त्याहून चांगले दिसले पाहिजे आणि ६/६० पेक्षाही कमी दिसणारे पाचाहून जास्त नसावेत. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढील अंधत्वाचे ६६.२ टक्के कारण मोतीबिंदू निघाले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच पाहणीत ७.२ टक्के अंधत्व मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतील गुंतागुंतीमुळे आले, हे फारसे कोणी सांगत नाही. ती सगळी मापाची चूक नव्हे, हे आम्ही जाणतो. पण दीड महिन्याने रुग्णाला पुन्हा तक्त्यासमोर बसवलेच नाही, तर कोणती चूक कशाची हे कसे कळणार?

सिस्टर टिकण्याचेही माप असते. किती जागा भरल्या असे विचारू नका, त्याचे उत्तर नेहमी गोड मिळते. भिंगाचे माप घेणाऱ्या खुर्चीवर गेल्या तीन वर्षांत किती माणसे बदलली आणि आता बसलेली किती महिन्यांपासून बसलेली आहे, एवढे विचारा. गेली असेल तर का गेली, हे तिच्याकडूनच फोन करून ऐका. संस्थेकडून ऐकलेले कारण आणि तिने सांगितलेले कारण यांत फरक असतो. एका वहीचे एक पान पुरेल. ज्या केंद्राला हे पान दाखवायला संकोच वाटत नाही, त्याच्या पाठीशी उभे राहावे.

बारावीचे निकाल लागले की प्रवेशाची धावपळ सुरू होते आणि गरीब घरातील मुलीचा निर्णय त्या पंधरा दिवसांत होऊन जातो. खोली कोणाची, विद्यावेतन कोण देणार, कोणत्या केंद्रात शिकणार, हे त्याआधी ठरलेले असेल तर तिच्या वडिलांशी बोलायला जाता येते. शहादा आणि नवापूरच्या ज्या मंडळींनी मागील हंगामात शिबिरे भरवली, त्यांनी एवढ्यासाठी एक बैठक लवकर बोलवावी आणि त्या बैठकीला एखाद्या काम करणाऱ्या सिस्टरलाही बसवून घ्यावे.